क्लच नवा, तरी रिव्हर्स खरखरतो : एका जुन्या एमजीबीवर घरी केलेलं काम

## पार्श्वभूमी

एमजीबी ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेली छोटी स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि घरी काम करणाऱ्या मंडळींची ती लाडकी आहे. 1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन, एसयू कार्ब्युरेटरची जोडी, मागच्या चाकांना ताकद. बोनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं आणि बहुतेक ठिकाणी पानाही पोचतो.

क्लचच्या बाबतीत मात्र ही गाडी हट्टी आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याचशा गाड्यांत गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घेतला की क्लच हाताशी येतो. एमजीबीत हे जमत नाही. तिची बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे खाली वेगळी चौकट नाही, गिअरबॉक्सवरचा बोगदा त्या बॉडीचाच भाग आहे, आणि बेल हाऊसिंग (क्लचवरचं घंटेच्या आकाराचं आवरण) त्या बोगद्यातून मागे जाण्याएवढं बारीक नाही. म्हणजे 8 इंचाची एक क्लच प्लेट बदलण्यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

या प्रकरणातली गाडी 1970 च्या दशकातली, क्रोम बंपरची, उघड्या टपाची. पुढच्या चारही गिअरना सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा म्हणून वेग जुळवणारी रचना) असलेला, म्हणजे 1967 नंतरचा गिअरबॉक्स, वर लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर. मालक पेशाने हिशेबनीस, पण गाडीचे ब्रेक, ट्यूनिंग, ऑइल बदलणं ही कामं बरीच वर्षं स्वतःच करणारे. इंजिन मात्र त्यांनी कधी उतरवलं नव्हतं. जोडीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करणारा भाचा. मी शेजारचा; यात माझं काम अडलं तर बोलायचं आणि एरवी टॉर्च धरायचं एवढंच होतं.

## अडचण कशी पुढे आली

सुरुवात चढावर झाली. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढायचा, वेग तेवढाच. गाडी थंड असताना हे जाणवत नसे, तासभर चालली की हमखास. काही आठवड्यांतच ओव्हरड्राइव्ह लावला की सपाट रस्त्यावरही क्लच घसरायला लागला. गाडी थांबवल्यावर जळक्या लायनिंगचा (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा) वास येई. तो एकदा नाकात बसला की पुन्हा विचारावं लागत नाही.

दुसरी खूण गाडीखाली होती. बेल हाऊसिंगच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन मुद्दाम सैल लोंबत ठेवलेली असते. गाडी चालताना ती हलत राहते, त्यामुळे भोक तुंबत नाही. त्या पिनेच्या टोकाला ऑइलचा थेंब धरलेला असायचा.

इथे पहिला निर्णय होता आणि मालकांनी तो घाईने घेतला नाही, हे मला आवडलं. क्लच घसरतो म्हणजे प्लेट संपली, असं धरून पार्ट मागवणारे पुष्कळ असतात. पण हायड्रॉलिक क्लच घसरण्याचं आणखी एक कारण असू शकतं. स्लेव्ह सिलिंडरकडे (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा गाडीखालचा सिलिंडर) जाणारा रबरी होज आतून फुगला, तर पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवायला त्याला दाबणारा भाग) पूर्ण मागे येत नाही. प्लेट चांगली असूनही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. तपासायला सोपं आहे. गाडी गरम करायची, क्लच घसरायला लागला की थांबवून स्लेव्हचा ब्लीड निपल (हवा काढायचं तोंड) उघडायचा. अडकलेला दाब असेल तर फ्लुइड जोरात बाहेर येतं आणि फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) मागे सरकतो. इथे निपलमधून साधी ओल आली आणि फोर्क जागचा हलला नाही. होज निर्दोष ठरला.

मग प्रश्न राहिला तो ऑइलचा. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून येतंय की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून? बहुतेक गाड्यांत वासावरून कळतं, कारण गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. एमजीबीच्या या गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिनचंच 20डब्ल्यू-50 ऑइल भरतात. वास सारखा, दाटपणा सारखा. रंगाचाही उपयोग झाला नाही, कारण भोकातून गळणाऱ्या थेंबात क्लचची काळी धूळ मिसळलेली. गिअरबॉक्सच्या लेव्हल प्लगमध्ये बोट घातलं तर ऑइल किंचित कमी लागलं, पण किंचितच. त्यावरून काहीच ठरवता येईना.

## पर्याय

चार वाटा होत्या. पहिली, काहीच न करता हळू चालवत राहणं. ती लगेच बाद झाली, कारण घसरणारा क्लच फ्लायव्हीलही (इंजिनच्या टोकाची जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) तापवून खराब करतो आणि आज प्लेटपुरतं असलेलं काम उद्या वाढतं. दुसरी, गॅरेजकडे देणं. जवळच्या एका गॅरेजवाल्याने काम घ्यायची तयारी दाखवली, पण ऑइल सील बदलणार का, या प्रश्नावर "उघडल्यावर बघू" एवढंच म्हणाला. मालकांना नेमकं तेच नको होतं.

उरल्या दोन, आणि या दोन्हींवरून एमजीबीवाल्यांत कायम वाद चालतो.

एकात फक्त इंजिन पुढे ओढून काढायचं आणि गिअरबॉक्स जॅकवर टेकवून गाडीतच ठेवायचा. सोडायचं काम कमी. प्रॉपेलर शाफ्ट, गिअर लिव्हर, गिअरबॉक्सखालचा आडवा सपोर्ट, स्पीडोमीटरची केबल, काही म्हणजे काही हलवावं लागत नाही. पण बसवताना कसोटी लागते. साखळीला टांगलेलं इंजिन, खाली जॅकवरचा गिअरबॉक्स, आणि या दोघांची रेष मिलिमीटरभरही न चुकता जुळवून गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत घुसवायचा, तोही इंजिन बेच्या अरुंद जागेत. शाफ्टवर इंजिनचं वजन आलं तर नवी प्लेट मध्यभागी वाकते. बाहेरून ते दिसत नाही. गाडी चालवल्यावर कळतं.

दुसऱ्यात इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या अवस्थेत एकत्र बाहेर काढायचे. सोडायचं काम जवळजवळ दुप्पट, लांबी जास्त, बाहेर काढताना पूर्ण सेट चांगलाच तिरका करावा लागतो आणि क्रेनचा हात उंच जायला हवा. बदल्यात जोडणी जमिनीवर, दिव्याखाली, हव्या त्या बाजूने बसून करता येते.

भाच्याचा कल पहिल्या पद्धतीकडे होता. "मामा, एवढं सगळं खोलायचं कशाला? अर्ध्या कामात क्लच हातात येतोय." त्याचं चुकत नव्हतं. पण गळती कुठून आहे हे ठरलं नव्हतं, आणि तोल तिथेच फिरला. गिअरबॉक्सचं पुढचं सील बदलायचं झालं तर बेल हाऊसिंगच्या आत हात घालून पुढचं कव्हर काढावं लागतं. गिअरबॉक्स गाडीत असताना ते अशक्य नाही, पण वाकून, आंधळेपणाने करावं लागतं. टेबलावर तेच काम अर्ध्या तासाचं. दोन्ही सीलं संशयित असतील तर दोन्ही हातात यायला हवीत, असं मालकांनी ठरवलं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय.

## तयारी आणि उतरवणं

हा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तो क्रमवार असतो आणि क्रमाने गेलं की होतो.

बॅटरी सोडली, बोनेट दोघांनी उचलून भिंतीला लावलं, बिजागरांभोवती पेन्सिलने खुणा केल्या. पाणी, इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्स ऑइल काढलं. रेडिएटर आणि तो ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा, दोन्ही बाहेर. कार्ब्युरेटर काढून पेट्रोलच्या नळीला बूच. एक्झॉस्टच्या पितळी नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, ते बिनतक्रार सुटले. या गाडीचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत. भाच्याकडचा 13 मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो, पण ढिला, आणि आवळून गंजलेल्या नटाचे कोपरे त्याने गोल होतात. एका नटाचे झालेही. त्यानंतर इंची सॉकेटचा सेट आला.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. क्लचची हायड्रॉलिक लाइन त्यांनी तोडली नाही. स्लेव्ह सिलिंडर बेल हाऊसिंगच्या बाहेरच्या अंगाला दोन बोल्टांवर असतो. तो सोडून होजसकट बाजूला बांधून ठेवला, दट्ट्या बाहेर येऊ नये म्हणून तारेने आवळला आणि क्लचच्या पेडलला मोठ्या अक्षरांत "दाबू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. म्हणजे नंतर हवा काढायची कटकट नाही. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

गाडीचा पुढचा भाग एक्सल स्टँडवर, मागच्या चाकांना अडसर. गिअर लिव्हर आतून काढला, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून बोल्ट सोडले, ओव्हरड्राइव्हच्या वायरी आणि स्पीडोची केबल सुटी केली. गिअरबॉक्सखालच्या आडव्या सपोर्टने वेळ खाल्ला. त्याचे बोल्ट दिसतात सोपे, पण पाना अर्धा फिरला की अडतो. इंजिन क्रेनला तिरपेपणा कमीजास्त करणारा लेव्हलर होता, त्याशिवाय हे काम करू नये. टांगलेल्या इंजिनाखाली कुणाचा हात जाणार नाही, हा नियम भाच्यानेच केला आणि मामांना दोनदा त्यावरून दटावलं.

## उघडल्यावर काय दिसलं

बेल हाऊसिंग सोडून गिअरबॉक्स मागे घेतला तेव्हा आत काळी, चिकट धूळ होती. इथे जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी हवीच. जुन्या क्लच लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. प्लेट कधीची आहे हे माहीत नसेल तर ते आहे असं धरून चालायचं. हवेचा फवारा मारायचा नाही, ब्रशने झाडायचं नाही. त्यांनी बारीक कणांसाठीचे मास्क लावले, सगळं ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकी पिशवीत बंद केली.

मग गळतीचा निकाल. गिअरबॉक्सचं पुढचं सील गळत असेल तर ऑइल शाफ्टवरून प्लेटच्या मध्यावर येतं आणि फिरण्याच्या जोराने मध्यापासून कडेकडे रेषा उमटतात. इंजिनचं मागचं सील गळत असेल तर ऑइल फ्लायव्हीलच्या पाठीमागून उतरतं, फ्लायव्हीलच्या कडेवरून बेल हाऊसिंगभर उडतं आणि तिथून प्लेटला लागतं. इथे प्लेटचा मध्य कोरडा होता, बाहेरची कड भिजून काळी पडलेली. फ्लायव्हीलची पाठ ओली. गिअरबॉक्सच्या कव्हराभोवती नुसती धूळ. दोष इंजिनच्या सीलचा.

लायनिंगचा जाडपणा अजून बरा होता, हेही सांगायला हवं. ही प्लेट झिजून संपली नव्हती, ऑइलने गेली होती. नुसती प्लेट बदलून सील तसंच ठेवलं असतं तर नवी प्लेट पुढच्या वर्षी त्याच अवस्थेत सापडली असती.

## काय काय बदलायचं

इंजिन बाहेर आहे म्हटल्यावर मोह होतो. हेही बदलू, तेही बदलू, आणि दोन दिवसांच्या कामाचा संपूर्ण ओव्हरहॉल होतो. मालकांनी एक कसोटी लावली: ज्या वस्तूसाठी पुन्हा इंजिन उतरवावं लागेल ती आत्ता बदलायची, बाकीचं नंतर.

त्या कसोटीत प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आपसूक आले. प्लेट मागवताना खाचांची संख्या तपासली. चार सिंक्रोच्या गिअरबॉक्सला 23 खाचांची प्लेट लागते, त्याआधीच्या तीन सिंक्रोच्या गिअरबॉक्सला 10 खाचांची. बाहेरून दोन्ही प्लेटा सारख्याच दिसतात.

रिलीज बेअरिंगवर चर्चा झाली. एमजीबीचं मूळ बेअरिंग म्हणजे गोळ्यांचं बेअरिंग नाही, कार्बनची कडी आहे. क्लच दाबला की ती कडी प्रेशर प्लेटच्या चकतीवर घासते. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ती लवकर झिजते. गोळ्यांच्या बेअरिंगचे तयार बदलही मिळतात. भाच्याला ते हवं होतं, मामांनी मूळचंच ठेवलं. मामा सिग्नलला न्यूट्रल करतात, आणि कार्बनच्या कडीत अडकून बसण्यासारखं काही नसतं, त्यामुळे मलाही तेच पटलं.

फोर्कचा बुश आणि पिव्होट बोल्ट बदलला, कारण बुश हाताने हलवला तरी खडखडत होता. क्रँकशाफ्टच्या टोकातला, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारा स्पिगॉट बुशही बदलला. हा सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवावा लागतो. त्यांनी रात्रभर वाटीत बुडवून ठेवला. फोर्क आणि स्लेव्हला जोडणारी क्लेव्हिस पिन झिजलेली होती, ती नवी घातली. पाकिटात दोन पिना आल्या होत्या. दुसरी पेडलकडच्या टोकासाठी होती. ती "इंजिन असतानाही बदलता येते" या न्यायाने पाकिटातच राहिली. कसोटी अगदी बरोबर लावली गेली आणि तरीही त्याची किंमत मोजावी लागली, ते पुढे येईल.

मागचं ऑइल सील बदलायला फ्लायव्हील काढावं लागतं. क्रँकच्या फ्लँजवर जुन्या सीलच्या ओठाने घासून एक बारीक चर पाडला होता, नखाला जेमतेम लागेल एवढा. नवं सील त्याच चरावर बसलं तर तेही लवकर गळलं असतं. म्हणून ते जुन्यापेक्षा किंचित वेगळ्या खोलीवर दाबून बसवलं, ओठ न घासलेल्या जागेवर यावा म्हणून.

आता फ्लायव्हील. त्याच्या तोंडावर निळसर डाग होते, काही ठिकाणी केसाएवढ्या चिरा. हे तापण्याचे व्रण. दोन पर्याय: वर्कशॉपमध्ये नेऊन तोंड मशिनवर साफ करून घेणं, किंवा पॉलिश पेपरने चमक मोडून तसंच लावणं. मालकांनी सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासलं. पट्टीखाली कुठेच फट सापडली नाही. वर्कशॉपवाला आठवडाभराने देतो म्हणाला. क्रेन भाड्याची होती. पॉलिश पेपर जिंकला.

## जोडणी

फ्लायव्हील लावलं, बोल्ट 40 फूट-पाउंडला आवळून लॉकिंग पत्र्या वाकवल्या. प्लेट कोणत्या बाजूने बसवायची यावर गोंधळ होतो, म्हणून भाच्याने "फ्लायव्हील साइड" लिहिलेल्या बाजूचा फोटो काढून ठेवला. सेंटरिंग टूल स्पिगॉट बुशमध्ये टेकवलं, वर प्रेशर प्लेट, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत 25 ते 30 फूट-पाउंडला. एकदम एका बाजूने आवळलं तर कव्हर वाकतं.

मग गिअरबॉक्स. तो ट्रॉली जॅकवर, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर, दोघे दोन बाजूंना गुडघ्यांवर. शाफ्ट प्लेटमध्ये शिरला आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरवर थांबला. बेल हाऊसिंग आणि इंजिनच्या मागच्या प्लेटमधली फट सगळीकडून सारखी होती, म्हणजे रेष बरोबर होती, खाचाच जुळत नव्हत्या.

"मामा, बोल्ट लावून ओढून घेऊ या का?"

"नाही. बोल्टने ओढलं की काहीतरी तुटणार. गिअर टॉपमध्ये टाक आणि मागून फ्लँज फिरव."

टॉप गिअरमध्ये मागची फ्लँज फिरवली की पुढचा शाफ्ट तेवढाच फिरतो. भाच्याने फ्लँज जेमतेम बोटभर फिरवली असेल, मालकांनी गिअरबॉक्सचं शेपूट किंचित उचललं, आणि आवाज न करता फट बंद झाली. इंजिन टांगून हेच करायचं असतं तर काय झालं असतं, याचा विचार त्या क्षणी तिघांच्याही डोक्यात आला असणार.

सेट परत गाडीत गेला. स्लेव्ह जागेवर बसला. ऑइल, पाणी, पेट्रोल. इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झालं.

## क्लच सुटेना

पहिला गिअर जड जात होता. रिव्हर्स टाकला की खर्रर्र. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नाही, म्हणून क्लच पूर्ण सुटतोय का, याची ती सगळ्यात प्रामाणिक परीक्षा असते. पेडल दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाका. तरी खरखरला तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच अडकतोय.

घसरणारा क्लच आता सुटत नव्हता. आधी जी तक्रार होती तिच्या बरोबर उलट.

इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. एका अनुभवी परिचितांनी फोनवरच निदान केलं की प्लेट उलटी बसली असणार, इंजिन पुन्हा उतरवा. भाचा फोटो दाखवत होता, तरी शंका येतेच. दुसरा संशय हवेचा. पण लाइन उघडलीच नव्हती, मग हवा येणार कुठून? मालकांनी दोन्ही बाजूला ठेवून मोजायचं ठरवलं.

एमजीबीच्या स्लेव्हचा पुशरॉड पेडल पूर्ण दाबल्यावर साधारण अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिलिमीटर पुढे यायला हवा. भाचा आत बसला, मालक खाली पट्टी धरून. पेडल पूर्ण दाबल्यावर रॉड सरकला जेमतेम 9 मिलिमीटर. म्हणजे दोष बेल हाऊसिंगच्या बाहेर होता. आतली प्लेट कशीही बसली असती तरी रॉडचा प्रवास कमी झाला नसता. एवढ्या मोजमापाने इंजिन उतरवायचा प्रश्न मिटला.

मग दुसऱ्या टोकाकडे. पेडल बॉक्सवरचं झाकण काढलं आणि पेडल हाताने हळूहळू दाबून बघितलं. पेडल बरंच खाली जाईपर्यंत मास्टर सिलिंडरचा (पेडलकडच्या सिलिंडरचा) रॉड हललाच नाही. क्लेव्हिस पिन बाहेर काढली तेव्हा ती मधोमध डमरूच्या कमरेसारखी झिजलेली, आणि पेडलमधलं भोक गोल न राहता लांबट झालेलं. पेडलच्या प्रवासाचा एक मोठा भाग ही दोन सैल टोकं एकमेकांना टेकण्यातच संपत होता.

आधी हे का जाणवलं नाही? ऑइलने भिजलेली, थोडी झिजलेली प्लेट थोड्या प्रवासातही सुटायची. ती तर न दाबताच घसरत होती. नव्या प्लेटचं लायनिंग पूर्ण जाडीचं, आतल्या स्प्रिंग पट्ट्या ताज्या. तिला फ्लायव्हीलपासून वेगळं व्हायला पुरता प्रवास लागतो. जुन्या क्लचने पेडलचा दोष झाकून ठेवला होता.

पाकिटातली दुसरी पिन बाहेर आली. पाच-सोळांश इंच जाडीची, बोटाच्या पेराएवढी. पण लांबट भोकात नवी पिनही सैलच राहते, म्हणून पेडल काढून भोक वेल्डिंगने भरून घेतलं आणि पुन्हा त्याच मापाचं पाडलं. पेडल परत बसवल्यावर रॉडचा प्रवास 12 मिलिमीटरच्या वर गेला आणि रिव्हर्स बिनआवाज पडला.

## आजची स्थिती

क्लच घसरत नाही, ओव्हरड्राइव्हमध्ये चढावरही नाही. स्प्लिट पिनेचं टोक कोरडं आहे. पेडल पूर्वीपेक्षा वर पकडतं आणि मालकांना त्याची सवय व्हायला काही दिवस लागले.

एक खोट राहिली आहे. रिव्हर्समध्ये, चढावर, हाफ क्लचवर गाडी थरथरते. इंजिनचे रबरी माउंटिंग ऑइलने मऊ झाले होते ते नंतर बदलले, थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. माझा संशय फ्लायव्हीलवर आहे. सरळ पट्टी आणि फीलर गेज सपाटपणा सांगतात, पण तापून कडक झालेले निळे डाग आणि मऊ राहिलेला भाग लायनिंगला वेगवेगळी पकड देतात, आणि ते पट्टीला दिसत नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

सील बदलण्यासाठी फ्लायव्हील तसंही काढलेलं होतं. ते गाडीबाहेर, हातात होतं. त्या आठवड्यात ते मशिनवर पाठवायला क्रेनचं जादा भाडं सोडून दुसरी अडचण नव्हती. मालकांची कसोटी (ज्यासाठी इंजिन पुन्हा उतरवावं लागेल ते आत्ताच) इथे सरळ लागू होत होती आणि नेमकी इथेच वाकवली गेली. पिनेच्या बाबतीत ती अक्षरशः पाळली, फ्लायव्हीलच्या बाबतीत सोडली. उलट केलं असतं तर दोन्ही त्रास वाचले असते.

दुसरं, पुशरॉडचा प्रवास काम सुरू करण्याआधी मोजून ठेवायला हवा होता. गाडीखाली जाऊन पट्टी धरायची, पाच मिनिटांचं काम. तेव्हाच 9 मिलिमीटर दिसला असता तर पेडलचा दोष इंजिन उतरण्याआधी कळला असता, आणि नव्या क्लचवर संशय घ्यायची वेळच आली नसती. ज्या गाडीत क्लचला फ्री-प्लेचं (मोकळ्या चालीचं) ॲडजस्टमेंट नसतं, तिथे पेडलपासून फोर्कपर्यंतच्या प्रत्येक पिनेची झीज थेट प्रवासातून वजा होते. स्क्रू फिरवून ती भरून काढता येत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढण्याबद्दल भाच्याचं मत अजून बदललेलं नाही. गळती इंजिनच्या सीलची निघाली, म्हणजे फक्त इंजिन काढून भागलं असतं, असं तो म्हणतो. ते खरं आहे, पण ते उघडल्यावर कळलं. गिअरबॉक्सचं पुढचं सीलही त्यांनी टेबलावर बदलून टाकलं होतं. शाफ्टच्या खाचांवर टेप गुंडाळून सीलचा ओठ जपला, कव्हरमागचे शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) जसे होते तसे परत ठेवले. जुनं सील बाहेर आलं ते काचेसारखं कडक झालेलं. ते किती दिवस टिकलं असतं, यावर मामा-भाच्यात अजून एकमत नाही.

थरथरीचं काय करायचं, हे मालकांनी ठरवलं आहे. त्यासाठी म्हणून ते इंजिन उतरवणार नाहीत. ओव्हरड्राइव्ह किंवा गिअरबॉक्ससाठी कधी उतरलंच, तर फ्लायव्हील त्याच दिवशी वर्कशॉपला जाईल. तोपर्यंत चढावर रिव्हर्स घ्यायची वेळ आली की हाफ क्लचवर रेंगाळायचं नाही, एवढंच ते पाळतात.